विकत घेतलेले पुस्तक कोणाचे?

कागदाचे पुस्तक विकत घेतले की ते आपले होते. ते शेजाऱ्याला वाचायला द्यावे, शाळेच्या कपाटाला भेट द्यावे, मुलाबाळांसाठी मागे ठेवावे. दुकानदार विचारायला येत नाही. ई-पुस्तकाचे तसे नाही. कुठल्याही यंत्रावर वाचता यावे म्हणून 'ईपब' हा खुला फाइल-प्रकार 2007 साली आला. त्याच वर्षी ॲमेझॉनने किंडल बाजारात आणले, ते मात्र स्वतःच्या वेगळ्या फाइल-प्रकारासह. त्यावर कुलूप चढले की पुस्तक त्याच कंपनीच्या यंत्रावर वा ॲपवर उघडते.

यामागे काहीच कारण नाही, असे आम्ही म्हणत नाही. फाइलची नक्कल क्षणात होते आणि लेखकाची मेहनत फुकट जाते. दुसऱ्याचे उत्तर उतरवू नका, असे वर्गात सांगणारे आम्ही शिक्षक चोरीची बाजू कशी घेऊ? पण हे कुलूप दोन कामे करते. ते चोराला अडवते आणि प्रामाणिक गिऱ्हाइकालाही एकाच दुकानाशी बांधून ठेवते. पहिले काम न्याय्य मानले, तरी दुसरे त्याच्या आडून होते.

जुलै 2009 मध्ये ॲमेझॉनने ऑर्वेलच्या '1984' आणि 'ॲनिमल फार्म'च्या काही प्रती वाचकांच्या किंडलवरून परस्पर पुसल्या. त्या विकणाऱ्याकडे हक्क नव्हते, हे खरे. कंपनीने पैसे परत केले, नंतर माफीही मागितली. 2019 मध्ये मायक्रोसॉफ्टने आपले ई-पुस्तकांचे दुकान बंद केले, तेव्हा लोकांनी घेतलेली पुस्तकेही उघडेनाशी झाली. तेथेही पैसे परत मिळाले. पण कागदाचे पुस्तक विकणारा पैसे परत करतो म्हणून आपल्या घरात शिरून पुस्तक उचलून नेऊ शकतो काय?

आमच्या मते खरा प्रश्न यंत्राचा नसून शब्दाच्या इमानाचा आहे. भाड्याने देणे गैर नाही. भाड्याला विक्री म्हणणे गैर आहे. कॅलिफोर्नियात 1 जानेवारी 2025 पासून असा कायदाच लागू झाला आहे. काढून घेता येणारी डिजिटल वस्तू 'खरेदी करा' म्हणून विकायची, तर हा केवळ वापराचा परवाना आहे, हे ग्राहकाला स्पष्ट सांगावे लागते.

टॉर ही अमेरिकेतील विज्ञानकथांची प्रकाशनसंस्था 2012 पासून कुलपाविना ई-पुस्तके विकते. किंडलवर पुस्तक टाकतानाही कुलूप लावावे की नाही, हे प्रकाशकाला निवडता येते. आपल्यातील जे लेखक-प्रकाशक या वाटेने जात आहेत, त्यांनी ही निवड विचारपूर्वक करावी. ज्याने दाम मोजले, त्या वाचकावर आधी विश्वास ठेवावा.