विरजण आणि बाटली

दिवाळीच्या आधी माझी आजी एरंडेलाचा दिवा लावून त्यावर तांब्याचे भांडे उपडे धरीत असे. भांड्याच्या पोटाला धरलेली काजळी तुपात खलली, की वर्षाचे काजळ झाले! तोच शेजारच्या काकू वाटी घेऊन दारात उभ्या राहत. त्यांना चमचाभर विरजण हवे असे. ते दिल्याने आजीचे दही कमी होत नसे आणि काकूंच्या घरी पातेलेभर लागे.

या कामांत काही विद्या आहे, असे आजीला कधी वाटले नाही. परंतु काजळीचे कण इतके बारीक, की त्यांची मोजदाद नॅनोमीटरमध्ये करावी लागते. एक नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग. आपल्या केसाची जाडीच सुमारे 80,000 नॅनोमीटर भरते. आणि विरजण म्हणजे अदृश्य जिवांना कामाला लावणे. पहिल्या वाटेने गेले की नॅनोतंत्रज्ञान लागते, दुसरीने जैवतंत्रज्ञान. आज या दोन वाटा एकमेकींना मिळाल्या आहेत आणि त्यात नवल नाही. ज्या डीएनएच्या धाग्यावर आपला वारसा लिहिलेला असतो, त्याची रुंदीच मुळी दोन नॅनोमीटर. तेवढे बारीक काम करू पाहणाऱ्याला सजीवाच्या दारात यावेच लागते.

कोरोनाच्या साथीत आलेल्या एमआरएनए लशी हे या संगमाचेच फळ. पेशीला द्यायचा निरोप जीवशास्त्राचा आणि तो नेणारे स्निग्ध कणांचे पाकीट नॅनोशास्त्राचे. पुण्याच्या जिनोव्हा कंपनीच्या अशा लशीला जून 2022 मध्ये तातडीच्या वापराची परवानगी मिळाली. ही विद्या आता आपल्या अंगणात आली आहे.

आमच्या नगर जिल्ह्यात, म्हणजे आताच्या अहिल्यानगरात, ती शेताच्या बांधावरही आली, बाटलीतून. इफकोने 2021 साली द्रवरूप नॅनो युरिया आणला. अर्ध्या लिटरची एक बाटली युरियाच्या 45 किलोच्या एका गोणीचे काम करील, असे सांगितले गेले. माझी विद्या दहावीपुरती. नवे काही कळले की मला ते कधी मुलांना सांगेन असे होते. मी वर्गात ही गोष्ट मोठ्या अभिमानाने सांगितली.

मागच्या बाकावरचा एक मुलगा उठला. म्हणाला, "बाई, गोणीत नत्र किती आणि बाटलीत किती?"

आम्ही फळ्यावर हिशेब मांडला. युरियात नत्र 46 टक्के. म्हणजे गोणीत 20 किलोंहून थोडे अधिक. त्या पहिल्या बाटलीत 4 टक्के. म्हणजे 20 ग्रॅम. हजारपटीचा फरक! "मग उरलेले कुठून येते, बाई?" पानांतून शिरलेला बारीक कण वाया जात नाही, हे छापील उत्तर मी दिले, पण हजारपट वाया जाते का, हे मला सांगता येईना. पुढे वाचले, की लुधियानाच्या पंजाब कृषी विद्यापीठाला दोन वर्षांच्या प्रयोगांत भात आणि गहू दोन्हींचे उत्पन्न घटलेले आढळले. उत्पादकांना हा निष्कर्ष मान्य नाही. वाद तज्ज्ञांचा आहे. पण त्या मुलाच्या वडिलांना यंदाच्या गव्हाला काय घालायचे, ते याच आठवड्यात ठरवायचे होते.

येथे मला अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे आठवतात. शाळेची पायरी न चढलेल्या या बाईंनी गावठी बियाण्यांची पेढी उभारली आणि 2020 साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. त्यांच्याकडून बी न्यावे, पेरावे, पीक आले की परत आणून द्यावे. हा व्यवहार विरजणासारखाच. बी हातात घेता येते, पारखता येते, पुन्हा पेरता येते. बाटलीतले मात्र आपल्याला ना दिसते, ना घरी करता येते. तेथे हाती उरतो केवळ विश्वास.

मग जुने तेवढे चांगले म्हणावे काय? तसेही नव्हे. आजीचे ते काजळ मोठ्या मायेने आमच्या डोळ्यांत जाई. आज डॉक्टर तान्ह्या मुलांना काजळ घालू नका म्हणतात. आपल्या ओळखीचे म्हणून ते निर्धोक, हाही एक भाबडेपणाच. माया आणि विज्ञान, दोघांनाही परीक्षा चुकत नाही.

खरा प्रश्न वस्तू जुनी की नवी हा नसून, न दिसणाऱ्या गोष्टीवर विश्वास मागणाऱ्याने काय द्यावे, हा आहे. मला वाटते, त्याने हिशेब द्यावा; आणि विचारणाऱ्याला उद्धट समजू नये. हे कारखानदाराला जितके लागू, तितकेच मास्तरणीलाही.

दुसऱ्या दिवशी मी वर्गात कबूल केले, "काल मी ठामपणे बोलले, पण मला ते ठाऊक नव्हते." मुलाच्या वडिलांना एवढेच सुचवले, की एका वाफ्याला बाटली, शेजारच्याला नेहमीचे खत आणि तिसऱ्याला काहीच नको, मग तिन्हींचे धान्य वेगवेगळे तोला. ते हसले. म्हणाले, "बाई, एवढे तर आमचा पोरगाच सांगत होता."

यंदा पणत्या लावताना ज्योतीवरची काजळी पाहिली, की मला तो मुलगा आठवेल. प्रश्नाचेही विरजणासारखेच आहे. शेजाऱ्याला दिल्याने तो आपल्याकडचा कमी होत नाही.