डोक्यावर बसणारे लोक

पुण्यातील चौकात उलट दिशेने आलेल्या एका गृहस्थांनी समोरच्याची कॉलर धरल्याची ती चित्रफीत एव्हाना सर्वांनीच पाहिली आहे, त्यामुळे तिचे अधिक वर्णन अनावश्यक ठरते. पाहण्याजोगे आहे ते त्या गृहस्थांनी कॉलर सोडल्यावर दिलेले स्पष्टीकरण, आणि ते ऐकून भोवतालच्या गर्दीने डोलावलेल्या माना. घाई होती, ऊन होते, ही कारणे सोडून देता येतील. 'नमते घेतले की लोक डोक्यावर बसतात' हे कारण मात्र पुण्यात सिद्धान्तपदाला पोहोचले असल्याने त्याची तपासणी आवश्यक आहे.

या सिद्धान्तानुसार शहरातील प्रत्येक डोके हा मोक्याचा भूखंड असून, त्यावर अतिक्रमण करण्यासाठी उरलेले सर्व नागरिक टपलेले आहेत. म्हणून सिग्नल हिरवा होण्याआधीच हॉर्न दाबावा लागतो, सोसायटीच्या सभेत मागील इतिवृत्त वाचून होण्यापूर्वीच हरकत घ्यावी लागते, आणि दुकानदाराने सुट्टे पैसे मागताच आवाज चढवावा लागतो. इतक्या दक्षतेने राखलेल्या या डोक्यावर हेल्मेट मात्र अद्याप बसू शकलेले नाही. हेच डोके पुढे वाढदिवसाच्या फ्लेक्सवर झळकते तेव्हा त्याखाली 'शांत, संयमी नेतृत्व' असे छापलेले असते, हा भाग वेगळा.

नमते घेण्याला दुसराही अर्थ असू शकतो, हे या सिद्धान्ताच्या गावी नाही. ख्रिस्ती विचारात जिला सौम्यता म्हणतात, म्हणजे उलट फटका देण्याची ताकद असताना ती आवरून धरणे आणि तरीही खरे बोलणे न सोडणे, ती मत्तयाच्या शुभवर्तमानातील डोंगरावरच्या प्रवचनात धन्य मानलेल्या गुणांपैकी एक होय. तिची भित्रेपणाशी गल्लत करणाऱ्यांनी योहानाचे शुभवर्तमान उघडावे. महायाजकापुढील चौकशीत शिपायाने थोबाडीत मारली असता येशूने तेथे हात उचलला नाही, परंतु मारण्याचे कारण मात्र विचारले.

पुणेकरांना दाखल्यासाठी जेरुसलेमपर्यंत जाण्याचे कारण नाही. ख्रिस्ती झालेल्या पंडिता रमाबाईंनी १८९० साली आपले मुलींसाठीचे शारदा सदन मुंबईहून येथे आणले आणि, त्याच वर्षी पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये घेतलेल्या चहावरून ग्रामण्य, म्हणजे बहिष्काराचा वाद, उभे करणाऱ्या या शहराने, अपेक्षेप्रमाणे त्याकडेही लक्ष पुरवले. सदनातील मुली रमाबाईंच्या ख्रिस्ती प्रार्थनेला येऊन बसतात, या तक्रारीवरून १८९३ साली रानडे आणि भांडारकर यांच्यासह सल्लागार मंडळाने अंग काढून घेतले, 'केसरी'ने झोड उठवली, पालकांनी मुली नेल्या. प्रार्थनेच्या वेळी खोलीचे दार लावून घेतले असते तर बरेचसे निभावले असते. बाईंनी ते उघडेच ठेवले आणि उरलेल्या मुलींना घेऊन काम पुढे चालवले. डोक्यावर बसू पाहणारे इतके लोक या शहरात क्वचितच कोणाच्या वाट्याला आले असतील.

ही सौम्यता सरकारलाही सोयीची नव्हती, कारण १८९७च्या प्लेगात पुण्यातील सरकारी प्लेग-रुग्णालयात स्त्रियांना मिळणाऱ्या वागणुकीविरुद्ध याच बाईंनी 'बॉम्बे गार्डियन'मध्ये पत्र लिहिले, तेव्हा ते गव्हर्नरांना चांगलेच झोंबले. कलकत्त्यात 'सरस्वती' ही पदवी मिळवलेल्या या विदुषीने पुढे हिब्रू आणि ग्रीक शिकून केडगावी बायबलचा मराठी अनुवाद केला, तोही कमी शिकलेल्या बायकांना समजेल अशा साध्या भाषेत. पांडित्य पदरी असून ते न मिरवणे हे पुण्यात कॉलर सोडण्यापेक्षाही अवघड समजावे.

अर्थात हे सर्वांना सदैव जमेल, असा आग्रह खुद्द बायबलचाही दिसत नाही. गणना या पुस्तकात ज्याला पृथ्वीवरील सर्वांत सौम्य मनुष्य म्हटले आहे, तो मोशेही लोकांच्या कुरकुरीला कंटाळून खडकाशी बोलायचे सोडून त्यावर काठीने दोनदा प्रहार करून बसला, आणि त्यापायी त्याला वचनदत्त देशात पाऊल टाकता आले नाही. दोन फटक्यांचा हिशेब असा लागत असेल, तर सिग्नलवर हॉर्न दाबून धरणाऱ्यांचा कसा लागेल, याचे कोष्टक त्या पुस्तकात दिलेले नाही.