बीजाचा वाटा

दख्खनच्या पठारावरून आगगाडीने प्रवास करताना रुळांच्या कडेला किंवा शेतांच्या बांधांवर घायपाताच्या रांगा दिसतात. निळसर हिरवी, जाड पाने आणि टोकाला बोचरा काटा. काही भागांत याच झाडाला केकताड म्हणतात. त्याच्या पानांतून वाख काढून दोर वळतात, गुरे आत शिरू नयेत म्हणून त्याचे कुंपण करतात. याहून अधिक त्याच्याकडे कोणी लक्ष देत नाही. एखाद्या वर्षी मात्र पानांच्या मधून खांबासारखा दांडा वर चढतो, त्याला फुले लागतात आणि मग ते झाड उभ्या उभ्या वाळून जाते. आयुष्यात एकदाच फुलावे आणि फुलून मरावे, हा या कुळातील बहुतेक झाडांचा धर्म आहे. हे कूळ मूळचे आपले नव्हे. त्याचे माहेर मेक्सिको, आणि तिथल्या त्याच्या भाऊबंदांविषयी विचार करताना जो नैतिक प्रश्न पडतो, तो वाचकांपुढे ठेवावा म्हणून हा लेख.

मेक्सिकोच्या दक्षिणेस वाहाका नावाचे डोंगराळ राज्य आहे. सापोतेक, मिश्तेक अशा आदिवासी समाजांची ही जुनी भूमी. सान्तियागो मातात्लान, सान दिओनिसियो ओकोतेपेक ही तिथल्या गावांची नावे. पूर्वार्ध संताचा, उत्तरार्ध जुन्या स्थानिक भाषेतला. या भागात घायपाताच्या जातींना मगेय म्हणतात आणि त्यांच्यापासून मेस्काल नावाचे मद्य गाळतात. 'मेस्काल' हा शब्द नाहुआत्ल भाषेतून आला असून त्याचा अर्थ 'भाजलेला मगेय' असा आहे. पाने छाटल्यावर झाडाचा गाभा उरतो. तो अननसासारखा दिसतो, म्हणून त्याला 'पिन्या' म्हणजे अननसच म्हणतात. जमिनीतल्या खड्ड्यात लाकडे पेटवून दगड तापवतात, त्यावर हे गाभे रचून वर माती लोटतात. तीन ते पाच दिवसांत ते भाजून गोड होतात. मग घोड्याने किंवा खेचराने ओढलेल्या दगडी चाकाखाली त्यांचा चेंदा करतात, लाकडी पिंपात तो आपोआप आंबू देतात आणि तांब्याच्या किंवा मातीच्या भांड्यांतून दोनदा गाळतात. लग्न असो, गावच्या संताचा सण असो वा अंत्यविधी, मेस्काल तिथे असतेच. नोव्हेंबरच्या आरंभी मृतांच्या दिवशी घरोघरी जी वेदी मांडतात, तिच्यावरही दिवंगतांसाठी त्याचा पेला ठेवलेला असतो.

दारूने आपल्या किती घरांची धूळधाण केली आहे, हे वाचकांना सांगायला नको. तो विषय निराळा आणि तितकाच गंभीर आहे. मला इथे बोलायचे आहे ते पिणाऱ्याविषयी कमी आणि झाडाविषयी अधिक.

बहुतेक मेस्काल एस्पादीन नावाच्या जातीपासून होते. ही जात शेतात लावतात. तिच्या बुडाशी पिले फुटतात, ती काढून पुन्हा लावायची. सहा ते आठ वर्षांत पीक तयार होते. पण डोंगरात काही जाती रानटी वाढतात. ओक वृक्षांच्या सावलीत वाढणारा लहानखुरा तोबाला दहा ते पंधरा वर्षे घेतो. कड्याकपारींत, खडकाला धरून वाढणारा रुंद पानांचा तेपेस्ताते तर पक्व व्हायला पंचवीस वर्षे आणि कधी त्याहूनही अधिक काळ लावतो. या रानटी जातींचा वंश मुख्यतः बियांवर चालतो. बी हवे तर फूल हवे, आणि फूल आयुष्यात एकदाच येते.

नेमकी इथेच अडचण आहे. फुलाचा दांडा वर चढू लागतो तेव्हा झाडाने वर्षानुवर्षे साठवलेला गोडवा त्या दांड्यात ओतला जाऊ लागतो. म्हणून मेस्काल करणारा तो दांडा वेळीच छाटतो. गोडवा गाभ्यातच राहतो आणि काही महिन्यांनी झाड खणले जाते. चांगले मेस्काल हवे असेल, तर त्या झाडाला फुलू देता येत नाही.

गाव आपल्या सणापुरते गाळत होते तोवर डोंगराला हे झेपत होते. 1994 साली मेक्सिकोने मेस्कालला भौगोलिक नावाचे संरक्षण दिले आणि पुढे जगाला त्याची चव लागली. 2011 साली प्रमाणित मेस्कालचे उत्पादन सुमारे 10 लाख लिटर होते. 2022 साली ते 1 कोटी 40 लाख लिटरच्या घरात गेले. त्यातला रानटी मगेयचा वाटा लहान असला, तरी सर्वांत अधिक किंमत त्यालाच मिळते. जे कोणी लावले नाही, ज्याला कोणी पाणी घातले नाही, ते सर्वांत महाग विकले जाते.

यावर एक युक्तिवाद केला जातो आणि तो सहज बाजूला सारण्यासारखा नाही. फुलल्यावर हे झाड मरणारच असते. मग ते चार महिने आधी तोडले तर कोणाचे काय बिघडले? ज्याचे मरण ठरलेलेच आहे, त्याचा उपयोग करून घेणे हा अन्याय कसा?

या युक्तिवादात एक गोष्ट निसटते. दांडा छाटणारा झाडाचे आयुष्य फारसे कमी करत नाही, हे खरे. तो घेतो ते झाडाचे मृत्युपत्र. पंचवीस वर्षे त्या झाडाने जे साठवले ते स्वतःसाठी नव्हते. ते दांड्यासाठी, फुलांसाठी, रात्री त्या फुलांतला मध प्यायला येणाऱ्या वटवाघळांसाठी आणि त्यानंतर कड्यावर विखुरणाऱ्या बियांसाठी होते. म्हातारा मरायला टेकला होता म्हणून त्याने नातवंडांसाठी ठेवलेली पुंजी उचलली, तर 'तो तरी कुठे जगणार होता' हे समर्थन आपण मान्य करू का? झाडाच्या बाबतीत आपण ते मान्य करतो, कारण नातवंडे अजून जन्मलेली नसतात आणि त्यांच्या वतीने बोलणारे कोणी नसते.

जुन्या करारात अनुवादाच्या पुस्तकात एक लहानसा नियम आहे. वाटेत पक्ष्याचे घरटे सापडले तर पिले घ्यावीत, पण आईला पिलांसकट धरू नये, तिला सोडून द्यावे. घेऊच नका, असे तो नियम सांगत नाही. पण जिच्यापासून पुढचे घरटे होणार आहे तिला हात लावू नका, असे मात्र बजावतो. घेण्याचा अधिकार आणि संपवण्याचा अधिकार या दोन गोष्टी एक नव्हेत, एवढे त्यातून मी शिकतो.

परंतु हे कोणाला सांगायचे? डोंगर चढून कड्यावरचा तेपेस्ताते पाठीवर वाहून आणणाऱ्या शेतकऱ्याला? त्याच्या घरी आज चूल पेटायला हवी आहे. पंचवीस वर्षांनंतरच्या बियांची काळजी त्याने एकट्याने वाहावी, असे आपण दूर बसून म्हणणे हा सोपा सदाचार झाला. त्याच्या कुऱ्हाडीमागे दूरच्या शहरातल्या मेजावरची मागणी आहे. बाटलीवर 'दुर्मिळ' असा शब्द छापलेला असतो आणि त्या शब्दासाठीच ग्राहक अधिक पैसे मोजतो. जे दुर्मिळ आहे म्हणून प्यायचे, ते प्यायल्याने आणखी दुर्मिळ होते आणि म्हणून आणखी हवेसे वाटते. या चक्रात चवीपेक्षा अभिमान अधिक आहे. किंमत मोजली की ऋण फिटले, असे पिणाऱ्याला वाटते. पण पैसे शेतकऱ्याला मिळतात, व्यापाऱ्याला मिळतात, डोंगराला त्यातले काही मिळत नाही. डोंगराचे ऋण पैशाने फेडता येत नाही. काही झाडे न तोडता सोडूनच ते फेडता येते.

असे सोडणारे लोक आहेत, ही समाधानाची बाब आहे. वाहाकात काही जण तोबालाचे आणि तेपेस्तातेचे बी गोळा करून रोपे वाढवतात आणि ती पुन्हा डोंगरात लावतात. साठ वर्षांचा माणूस तेपेस्तातेचे रोप लावतो तेव्हा त्याचे मेस्काल आपल्या ओठी लागण्याचा संभव फार थोडा, हे त्याला ठाऊक असते. मेक्सिकोतील वटवाघळांचे अभ्यासक रॉद्रिगो मेदेयिन यांनी उत्पादकांपुढे एक साधा प्रस्ताव ठेवला: शेतातील शंभरापैकी पाच मगेय छाटू नयेत, त्यांना फुलू द्यावे. दशमांशाचाही हा निम्मा भाग. मगेयच्या फुलांवर जगणाऱ्या वटवाघळांपैकी एक जात अमेरिकेने 1988 साली धोक्यातील प्राण्यांच्या यादीत घातली होती. दोन्ही देशांतील अनेकांच्या परिश्रमांनंतर 2018 साली ती यादीतून बाहेर आली. वेळीच हात आवरला आणि थोडे राखून ठेवले, तर सृष्टी किती उदारपणे प्रतिसाद देते, याचे हे उदाहरण.

मग आपण काय म्हणावे? तेपेस्तातेला कोणी हातच लावू नये, असे मला म्हणवत नाही. ज्या लोकांनी शतकानुशतके त्या डोंगराशी नाते राखले, त्यांच्या लग्नात आणि त्यांच्या मृतांच्या वेदीवर त्याचा पेला असणे योग्यच आहे. पंचवीस वर्षांच्या प्रतीक्षेला साजेसा असा तो प्रसंग असतो. तीच प्रतीक्षा कोणा अनोळखी माणसाच्या शनिवारच्या संध्याकाळी, केवळ मिरवण्यासाठी, एका घोटात संपवावी हे मात्र मला अनुचित वाटते. वस्तू तीच, झाड तेच; पण एका ठिकाणी त्या काळाची जाण आहे आणि दुसऱ्या ठिकाणी नाही.

वाहाकात पेला ओठांना लावण्यापूर्वी त्यातले चार थेंब जमिनीवर शिंपडण्याची जुनी रीत आहे. आपण घेतो त्यात आपल्याआधी मातीचा वाटा आहे, ही कबुली त्या थेंबांत असते. पण केवळ थेंबांनी ती पुरी होत नाही. ज्या हाताने थेंब शिंपडले, त्याच हाताने कड्यावरचा एखादा दांडा न छाटता सोडला, तर त्या कबुलीला अर्थ येतो. बीजाचा वाटा बाजूला काढून मगच आपले ताट वाढावे, हे आपल्या शेतकरी आजोबांना कोणी शिकवावे लागले नव्हते. दुष्काळातही पेरणीचे बियाणे ते खात नसत. बांधावरचा घायपात पुढच्या वेळी फुललेला दिसला, तर त्याच्याकडे पाहताना एवढे आठवले तरी पुरे.