तलफ आली म्हणजे हरलो का?



आजचा श्लोक: भगवद्गीता, अध्याय ५, श्लोक २३.

भावार्थ साध्या शब्दांत असा: देह सुटायच्या आधी, इथेच, काम आणि क्रोध यांच्यातून उठणारा वेग जो सोसू शकतो, तो योगी आणि तोच खरा सुखी.

काल आपण २२वा श्लोक बघितला. इंद्रियांचा विषयांशी संबंध आला की जे सुख मिळतं, ते पुढच्या दुःखालाच जन्म देतं, असं त्यात भगवान म्हणतात. आज लगेच पुढचं पाऊल. ठीक आहे, हे सुख फसवं आहे हे कळलं. पण कळल्यावरही ओढ काही जात नाही. त्या ओढीचं काय करायचं?

आज हा श्लोक सिगारेट सोडणाऱ्यांसाठी वाचूया. अगदी नुकतीच सोडलेल्यांसाठी, म्हणजे दुसरा दिवस, चौथा दिवस, नववा दिवस. आपल्यात असे बरेच जण आहेत. सकाळी हरिपाठ, संध्याकाळी मंदिर, आणि मध्ये ऑफिसखालची टपरी. मग कधीतरी आतून वाटतं, आता बास. पाकीट फेकलं जातं, लायटर मित्राला देऊन टाकला जातो. पहिला दिवस उत्साहात जातो. दुसऱ्या दिवशी खरी परीक्षा सुरू होते.

या दिवसांत शरीराच्या त्रासापेक्षा एक प्रश्न जास्त छळतो. "मी सिगारेट ओढत नाहीये, पण दिवसभर डोक्यात तीच आहे. जप करताना पण तीच. मग मी सोडली कुठे? हे तर ढोंग झालं ना?"

प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही, कारण त्याला गीतेतच आधार सापडतो. तिसऱ्या अध्यायाच्या सहाव्या श्लोकात भगवान स्पष्ट सांगतात: जो हातापायांना आवरून बसतो पण मनाने विषयांचंच स्मरण करत राहतो, त्याचं आचरण खोटं. शब्द कडक आहे, मिथ्याचार. चौथ्या दिवशी तलफेने कासावीस झालेल्या माणसाने हा श्लोक वाचला, तर तो म्हणेल, संपलं. मनाने तर मी ओढतोच आहे, मग हाताने ओढली काय आणि नाही काय! आणि या वाक्याचा शेवट टपरीवर होतो.

म्हणून हे दोन श्लोक शेजारी ठेवून वाचायला हवेत. तिसऱ्या अध्यायात दोष दिलाय तो स्मरणाला. पाचव्या अध्यायात कौतुक आहे ते सोसण्याचं. स्मरण आपण करतो, वेग आपल्यावर येतो. पावसात भिजणं आणि मुद्दाम पावसात जाऊन उभं राहणं यात जेवढा फरक, तेवढाच इथे.

आणि "सोसणे" हा शब्दच बघा ना. नसलेली गोष्ट कोणी सोसत नाही. वेग येणारच, हे गृहीत धरूनच भगवान बोलतायत. वेग उठतच नाही तो सुखी, असं ते इथे म्हणत नाहीत. उठलेला वेग सोसतो तो सुखी, असं म्हणतात. म्हणजे तलफ आली म्हणून तुम्ही या श्लोकाच्या बाहेर पडत नाही. उलट तलफ आल्यावरच हा श्लोक तुम्हाला लागू होतो.

आपल्या घरातलंच उदाहरण घ्या. आषाढी एकादशीला आजी निर्जळी करते. दुपारी तिला तहान लागत नसेल? लागते. मग तिचा उपवास मोडला, असं आपण म्हणतो का? तहान लागल्याने एकादशी मोडत नाही, पाणी प्यायल्याने मोडते. उलट तहानच लागली नसती तर निर्जळीला अर्थ काय राहिला असता? पालखीबरोबर दिवे घाट चढणाऱ्या वारकऱ्याच्या पायाला फोड येतात. फोड आले म्हणून त्याची वारी खोटी ठरत नाही.

मग मिथ्याचार कुठे सुरू होतो? तलफ आली आणि आपण तिला चहा-पाणी विचारायला लागलो की. "काय मस्त लागायची ना पावसात, कटिंगबरोबर..." असं मनात रंगवत बसणं. ओढायची नाही म्हणत मित्रांबरोबर टपरीवर जाऊन धुराजवळ उभं राहणं. बॅगेच्या कप्प्यात "असू दे एक" म्हणून ठेवलेली सुटी सिगारेट. हे स्मरण. इथे आपला हात आहे, म्हणून इथे आपली जबाबदारी आहे. तलफेचा पहिला धक्का मात्र आपल्या हातात नाही, त्याबद्दल स्वतःला पापी ठरवू नका.

तो धक्का येतो कुठून हेही समजून घेऊ, म्हणजे भीती कमी होते. झुरका घेतला की साधारण १० ते २० सेकंदांत निकोटीन मेंदूत पोहोचतं. पण रक्तातलं निकोटीन सुमारे २ तासांत निम्म्यावर येतं, आणि मेंदू पुन्हा मागायला लागतो. नेहमी ओढणाऱ्याच्या मेंदूत निकोटीन पकडणाऱ्या जागाही वाढलेल्या असतात. सोडल्यावर त्या रिकाम्या राहतात आणि आरडाओरडा करतात. हा त्रास पहिल्या २४ तासांत सुरू होतो, साधारण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त असतो, आणि बहुतेकांचा २ ते ४ आठवड्यांत बराच ओसरतो. एकेक तलफ मात्र सहसा काही मिनिटांचीच असते. चढते, टोकाला जाते, उतरते. तुम्ही सिगारेट ओढा किंवा नका ओढू, उतरतेच.

आता कालचा २२वा श्लोक आठवा. सिगारेट ओढल्यावर जे "रिलॅक्स" वाटतं, त्यातला मोठा भाग म्हणजे आधीच्या सिगारेटने लावलेली तलफ शमणं. म्हणजे तीच दुखणं देते आणि तीच मलम लावते. सुखातून दुःख जन्मतं ते हे असं, दर दोन तासांनी, कोणालाही तपासून बघता येईल इतकं सरळ.

श्लोकात आणखी एक गोष्ट आहे. भगवान काम आणि क्रोध दोघांची नावं एकत्र घेतात. सिगारेट सोडणाऱ्याला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. तिसऱ्या दिवशी नुसती तलफ येत नाही, चिडचिडही येते. आईने "जेवलास का?" विचारलं तरी डोकं फिरतं. रूममेटच्या चमच्याचा आवाज सहन होत नाही. आणि मग एक गोड युक्तिवाद सुचतो: "मी ओढत होतो तेव्हा निदान माणसासारखा वागत तरी होतो. घरच्यांसाठी तरी एक ओढतो." हा युक्तिवाद ओळखून ठेवा. काम दारातून आत येऊ शकला नाही म्हणून क्रोधाच्या खिडकीतून येतोय, एवढंच. घरच्यांना आधीच सांगून ठेवा, "आई, दोन आठवडे मी जरा चिडचिडा असेन, तुझ्यावर राग नाहीये." एवढ्या एका वाक्याने घरातलं वातावरण खूप निवळतं. आणि हे सांगणं हाही सोसण्याचाच भाग.

काही जण विचारतील, "पण दाबून ठेवणं वाईट असतं ना? आयुर्वेदच सांगतो, वेग अडवू नका." बरोबर, सांगतो. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात सातव्या अध्यायात याचीच चर्चा आहे. मलमूत्र, शिंक, जांभई, भूक, तहान, झोप, असे १३ नैसर्गिक वेग अडवू नयेत, असं तिथे म्हटलंय. पण त्याच अध्यायात पुढे आवरायच्या वेगांची वेगळी यादी आहे. त्यात लोभ, क्रोध, अतिआसक्ती आहे. म्हणजे कुठला वेग वाट करून द्यायचा आणि कुठला सोसायचा, हा विवेक आपल्याकडे फार जुना आहे. शिंक शरीराच्या भल्यासाठी येते, तलफ तशी नाही.

आता प्रत्यक्षात काय करायचं? श्लोकात "इथेच" असा शब्द आहे. हिमालयात नाही, निवृत्तीनंतर नाही. इथेच, म्हणजे लंच ब्रेकला, ट्रॅफिकमध्ये, रिलीजच्या रात्री.

तलफ आली की पहिली गोष्ट, जागा बदला. खुर्चीवरून उठा, पाणी प्या, गॅलरीऐवजी दुसऱ्या खोलीत जा. दुसरी गोष्ट, माळ हातात घ्या. "राम कृष्ण हरी" मंत्राची १०८ मण्यांची एक माळ घाई न करता केली तर साधारण चार-पाच मिनिटं लागतात. एका तलफेचं आयुष्यही बहुधा तेवढंच. माळ संपेपर्यंत लाट बऱ्याचदा उतरलेली असते. नाही उतरली तर दुसरी माळ.

"पण देवाचं नाव असं च्युइंगमसारखं वापरायचं का?" असा संकोच काहींना वाटतो. सातव्या अध्यायात भगवंतांनी भक्तांचे चार प्रकार सांगितलेत. त्यात आर्त, म्हणजे संकटात हाक मारणारा, यालाही जागा आहे, आणि पुढे ते चौघांनाही उदार म्हणतात. गरजेला घेतलेलं नाम कमी दर्जाचं नसतं. आर्त म्हणून सुरुवात करा. दुसऱ्या अध्यायात ५९व्या श्लोकात सांगितलंय की विषय सोडले तरी त्यांची गोडी मागे उरते, ती जाते परमतत्त्वाच्या दर्शनाने. रिकाम्या जागेत दुसरी गोडी यावी लागते. ती आज माळेच्या पहिल्या मण्याला येणार नाही, पण वाट तीच.

तिसरी गोष्ट, युक्त आहार आणि युक्त झोप. सहाव्या अध्यायातला हा सल्ला या दिवसांत शब्दशः पाळा. उपाशी आणि जागलेल्या माणसाला तलफ जास्त छळते. आणि कॉफी थोडी कमी करा. सिगारेटच्या धुरामुळे शरीर कॅफीन लवकर संपवत असतं. धूर थांबला की तेवढीच कॉफी जास्त वेळ रक्तात राहते. मग धडधड होते, झोप उडते, आणि आपण दोष देतो सिगारेट सोडण्याला.

चौथी गोष्ट, मदत घ्या. निकोटीनचा गम किंवा पॅच घेतला तर भक्ती कमी पडली असं होत नाही. दम्याचा पेशंट इनहेलर घेऊनच कीर्तनाला बसतो. डॉक्टरांना विचारा. २०१६ पासून भारत सरकारची मोफत क्विटलाइन चालू आहे, नंबर १८००-११२-३५६. फोन करायला लाजू नका. अर्जुनसुद्धा रथात मधोमध बसकण मारून "मला कळत नाहीये, सांग" म्हणालाच होता.

आणि समजा, सहाव्या दिवशी एक ओढली गेलीच, तर? अर्जुनाने हेही विचारलंय. योगाच्या वाटेवरून जो ढळला तो फाटलेल्या ढगासारखा दोन्हीकडून जातो का? सहाव्या अध्यायाच्या ४०व्या श्लोकात भगवान सांगतात, चांगलं करायला निघालेल्याची दुर्गती होत नाही. हे ओढायचं लायसन्स नाही. पण एक सिगारेट म्हणजे पूर्ण पाकीट नव्हे, आणि सहा दिवस सोसलेलं वाया गेलेलं नाही, एवढा धीर त्यात नक्की आहे. पाकीट पुन्हा फेका, सातवा दिवस सुरू करा.

अठराव्या अध्यायात सात्त्विक सुखाची खूण सांगितलीय: सुरुवातीला विषासारखं, शेवटी अमृतासारखं. राजस सुखाचं बरोबर उलटं. तुमचे हे पहिले दिवस कडू लागतायत ना? मग चुकीच्या रस्त्यावर आहात असं समजू नका. या रस्त्याची सुरुवात अशीच असते, हे आधीच लिहून ठेवलेलं आहे.

आजचा संकल्प: आज जेव्हा जेव्हा तलफ येईल, तेव्हा स्वतःला "मी हरलो" असं म्हणायचं नाही. "वेग आलाय, सोसतोय" असं म्हणायचं, आणि एक माळ करायची. सिगारेट न ओढणाऱ्यांनी आपापली तलफ शोधा. मोबाइलची असेल, गोडाची असेल, उलट बोलण्याची असेल. श्लोक सगळ्यांना सारखाच लागू आहे.

उद्या २४वा श्लोक, आतल्या सुखाबद्दल.

राम कृष्ण हरी!