तहान कोणाची, कावड कोणाची?

काशीहून गंगेची कावड रामेश्वराला नेत असताना तापलेल्या वाळूत तडफडणाऱ्या गाढवाला नाथमहाराजांनी ते पाणी पाजले. ही कथा आपण कीर्तनात किती वेळा तरी ऐकली आहे. तिच्यातली एक गोष्ट मात्र ऐकता ऐकता निसटते. गाढवाने पाणी मागितले नव्हते. त्याला मागताच येत नव्हते. त्याची तहान नाथांनी ओळखली.

आज जगभर मानवी हक्कांची भाषा बोलली जाते. २८ जुलै २०१० रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने पिण्याचे शुद्ध पाणी हा माणसाचा हक्क मानला. ते योग्यच झाले. अपरात्री हंडा घेऊन नळाशी उभ्या राहणाऱ्या माउलीला ‘आधी निसर्गाचा विचार कर’ असे कोणत्या तोंडाने सांगणार? पण ज्याला मागता येते त्याचा हक्क लिहिला गेला. ज्याला मागता येत नाही, त्याचे काय?

मुंबईत मनोरीच्या किनाऱ्यावर हाच प्रश्न उभा आहे. सात तलावांचे पाणी पुरेनासे झाले म्हणून महानगरपालिकेने तेथे समुद्राचे पाणी गोडे करण्याचा प्रकल्प योजला आहे. पहिल्या टप्प्यात दररोज २० कोटी लिटर, पुढे ४० कोटी. गोडे पाणी काढून घेतले की उरलेले अधिक खारट पाणी पुन्हा समुद्रात सोडावे लागते. पाणी ओढताना माशांची अंडी आणि बारीक पिल्लेही आत जाऊ शकतात. म्हणूनच कोळी बांधवांना काळजी वाटते. शहराची तहान, कोळ्याचे पोट आणि माशाचा जीव, तिन्ही एकाच पाण्यात आहेत.

इक्वेडोर देशाने २००८ साली निसर्गाचे हक्क राज्यघटनेतच लिहिले. आपल्याकडे २०१७ मध्ये उत्तराखंड उच्च न्यायालयाने गंगा-यमुनेला जिवंत व्यक्तीचा दर्जा दिला; सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षी त्याला स्थगिती दिली. नदीला व्यक्ती मानले, तर पुराची भरपाई कोणी द्यायची, असा पेच पडला होता. हक्क कागदावर आला, तरी तो सांभाळणारा माणूस लागतोच.

तो माणूस आपल्या किनाऱ्यावर होता. मासळीच्या विणीच्या दिवसांत होड्या ओढून ठेवायच्या आणि नारळी पौर्णिमेला नारळ वाहून मगच दर्यात जायचे, ही कोळ्यांची जुनी रीत. मासळीला कोणी हक्कपत्र दिले नव्हते. माणसाने स्वतःला घातलेल्या बंधनातच तिचा हक्क राखला जात होता. एकादशी करणाऱ्या वारकऱ्याला हे समजावून सांगायला नको.

सर्वांभूती भगवद्भाव म्हणजे माणसाला तहानलेला ठेवणे नव्हे. शहराला पाणी हवेच. पण समुद्राकडे हात पसरण्याआधी फुटक्या जलवाहिन्यांची गळती थांबली का, सांडपाणी शुद्ध करून पुन्हा वापरले का, छपरावरचा पाऊस साठवला का, ज्याच्या घरी मुबलक पाणी आहे त्याने आपला नळ आवरला का, हे विचारायला हवे.

कारण नाथांनी गाढवाला पाणी पाजले, ते आपल्याच खांद्यावरची कावड उतरवून. दुसऱ्याच्या घागरीला त्यांनी हात लावला नाही.

राम कृष्ण हरी.