पिशवीतला रंग

खाटेच्या कडेला टांगलेली लघवीची पिशवी पाहुण्यांना दिसू नये म्हणून चादर खाली ओढायची, ही आपल्याकडची रीत. आजारी माणसाची लाज राखली जाते खरी, पण घरातल्यांचंही तिकडे बघणं सुटतं. २०११च्या जनगणनेत साठी ओलांडलेल्यांच्या प्रमाणात केरळनंतर गोव्याचाच क्रमांक होता, ११.२ टक्के. साखळीत, डिचोलीत अशा खाटा आता नव्या राहिलेल्या नाहीत. मुलगा परगावी, घरात सून किंवा कामाला ठेवलेली बाई. पिशवी रिकामी करणारी तीच, म्हणून पहिली खूण दिसते तीही तिलाच.

एखाद्या सकाळी पिशवी आणि नळी चक्क जांभळी झालेली असते. घर हादरतं. कुणी औषधाला दोष देतं, कुणी बांबोळीच्या मोठ्या इस्पितळात न्यायची घाई करतं. १९७८ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये या प्रकाराची पहिली नोंद झाली. कारण ऐकलं की नवल वाटतं. अन्नातल्या प्रथिनांतून ट्रिप्टोफॅन मिळतं, आतड्यातले जंतू त्याचं इंडोल करतात. बद्धकोष्ठ असेल तर त्यांना सवडच सवड. पुढे यकृत त्यावर प्रक्रिया करतं आणि ते लघवीत उतरतं. तिथे नळीत ठाण मांडलेले जंतू त्यातून निळा इंडिगो आणि लाल इंडिरुबिन तयार करतात. निळीच्या झाडापासून काढायचे आणि जीन्सच्या कापडाला देतात, तोच हा इंडिगो. प्लास्टिकवर दोन्ही रंग मिसळले की जांभळा. बहुतेक वेळा लघवीमार्गाचा संसर्ग आणि पोट साफ नसणं, एवढाच त्याचा अर्थ असतो. अंथरुणाला खिळलेल्या, बरेच दिवस नळी असलेल्या बायकांत हे जास्त दिसतं.

जांभळ्या रंगाने घाबरणारं घर गढूळ लघवीकडे मात्र सहज काणाडोळा करतं, याचं मला जास्त भय वाटतं. पिशवी तासन्‌तास रिकामी राहिली तर नळी दुमडली आहे का, तुंबली आहे का, हे लगेच बघायला हवं. लाल रंग बिटाचा असेल, रक्ताचाही असेल. म्हाताऱ्या शरीरात ताप चढेलच असं नाही. जेवण टाकणं, भलतंसलतं बडबडणं, दिवसभर गुंगीत पडून राहणं, एवढ्यावरच संसर्ग ओळखावा लागतो. आपण ‘वय झालं’ म्हणून मोकळे होतो. रंग बदलला म्हणून फार्मसीतून परस्पर अँटिबायोटिक आणून देणं हे दुसरं टोक. नळी फार दिवस राहिली की जंतू येतातच. औषध द्यायचं की नुसती नळी आणि पिशवी बदलायची, हे डॉक्टरांनी ठरवावं.

आरोग्य केंद्रात जाताना मोबाइलवर पिशवीचा फोटो काढून न्यावा. नळी शेवटची कधी बदलली, रात्रीत लघवी किती झाली, नवी गोळी कोणती सुरू आहे आणि परसाकडे कधी झालं, हे सगळं सुनेला ठाऊक असतं. डॉक्टरांपुढे मुलाऐवजी तिलाच बोलू द्यावं.