पाहणारा आणि पाहुणा

‘पाहुणा’ हा शब्द ‘पाहणे’ या क्रियापदावरून आला असावा, असे लहानपणी मला वाटत असे. पाहायला येतो तो पाहुणा! पुढे व्युत्पत्तिकोशाने ही समजूत पुसून टाकली. पाहुण्याचे नाते संस्कृतातल्या ‘प्राघुण’ या शब्दाशी. पाहण्याशी त्याचा काही संबंध नाही. तेव्हा मला थोडे वाईट वाटले होते. गेल्या महिन्यापासून मात्र ही दोन माणसे वेगवेगळ्या कुळांतली आहेत, हे बरेच झाले असे वाटू लागले आहे.

त्याला निमित्त माझा एक जुना विद्यार्थी. त्याची बहीण ऑकलंडला असते. तिच्याकडे जायचे ठरल्यावर तो पेढे घेऊन आला आणि म्हणाला, “सर, तुम्ही माओरी लोकांविषयी बरंच वाचलंय. तिकडे काय काय पाहू, सांगा. त्यांची खरी संस्कृती पाहायची आहे मला.”

मी स्वतः समुद्र ओलांडलेला नाही. माझे सारे देशाटन पुस्तकांतून झालेले. पण शिक्षकाला प्रश्न विचारला की तो गप्प बसत नाही. मी त्याला ‘मराए’विषयी सांगू लागलो. मराए म्हणजे माओरी समूहाचे सभागृह आणि त्यापुढचे अंगण. ते सभागृह म्हणजे एका पूर्वजाचे शरीर मानतात. आढे हा त्याचा कणा, वासे या बरगड्या, दर्शनी बाजूच्या उतरत्या फळ्या हे पसरलेले बाहू. आत शिरणे म्हणजे त्या पूर्वजाच्या कुशीत शिरणे. म्हणून जोडे बाहेर काढायचे, आत खायचे-प्यायचे नाही. मस्तक पवित्र, म्हणून उशीवर बसायचे नाही. जेवण मांडतात त्या मेजावर तर बसायचेच नाही.

“म्हणजे आपल्यासारखंच की,” तो म्हणाला.

“थोडंसं. पण थेट आत जायचं नाही. आधी दाराबाहेर थांबायचं.”

आणि मी त्याला स्वागताचा विधी सांगितला. घरच्या बाईची लांबलचक साद येते. पाहुण्यांतल्या बाईने तिला तशीच साद द्यायची. या सादांत दोन्हीकडच्या मृतांचीही आठवण असते. कधी एखादा योद्धा भाला परजत, डोळे वटारत, जीभ बाहेर काढत पुढे येतो आणि जमिनीवर एक खूण ठेवतो. अशा वेळी हसायचे नाही. ‘मित्र म्हणून आलात की शत्रू म्हणून?’ असा त्याचा रोकडा प्रश्न असतो. पाहुण्यांच्या म्होरक्याने त्याच्यावरची नजर न काढता ती खूण उचलली, की उत्तर मिळाले. मग भाषणे, प्रत्येक भाषणामागे एक गाणे. पाहुण्यांचा शेवटचा वक्ता ‘कोहा’, म्हणजे भेट, खाली ठेवतो. मग नाकाला नाक लावून श्वासाची देवघेव, आणि शेवटी जेवण. तेवढे झाले की परका परका राहत नाही.

माझ्या विद्यार्थ्याने सारे ऐकून घेतले आणि व्यवहाराचा प्रश्न टाकला. “पण सर, तिथं तिकीट असतं. बहिणीनं सांगितलंय. पैसे भरून जातो तो गिऱ्हाईक. त्यानं इतका संकोच कशाला करायचा? त्यांनीच दुकान मांडलंय ना?”

प्रश्न सोपा नव्हता. मला हिनेमिहीची हकिगत आठवली.

न्यूझीलंडच्या उत्तर बेटावर रोटोरुआजवळ ते वायरोआ नावाचे गाव होते. एकोणिसाव्या शतकात गुलाबी आणि पांढऱ्या पायऱ्यांचे उष्ण झरे पाहायला जगभरचे प्रवासी तिथे येत. तिथले माओरी त्यांना वाट दाखवत, नावेतून नेत, नाच दाखवत आणि त्याचे दाम घेत. सोफिया हिनेरांगी ही त्यांच्यातली नामांकित वाटाडी. गावात पैसा आला. 1881 च्या सुमारास हिनेमिही या पूर्वज स्त्रीच्या नावाने सभागृह उभे राहिले. कोरीव मूर्तींच्या डोळ्यांत पाउआ शिंपला बसवायची रीत. इथे त्याऐवजी सोन्याची नाणी बसवली होती, असे सांगतात.

सोन्याचे डोळे! यावर नाक मुरडणे फार सोपे आहे. ‘पाहा, पैशाने संस्कृती बाटली’ असे म्हणणारे तेव्हाही असतील. पण 10 जून 1886 च्या रात्री तारावेरा पर्वत फुटला. त्या झऱ्यांच्या पायऱ्या नाहीशा झाल्या, ते वायरोआ राखेत आणि चिखलात गाडले गेले, शंभराहून अधिक माणसे मेली. त्या रात्री जी घरे तगली, त्यांतले एक सोफियाचे आणि एक हिनेमिही. तिच्या कुशीत शिरलेली माणसे वाचली. डोळ्यांत सोने बसवले म्हणून ती आई व्हायची राहिली नव्हती. दाम घेणाऱ्याने सारेच विकायला काढले आहे, असे समजू नये.

पण गोष्ट इथे संपत नाही. गाव उजाड झाले, माणसे दुसरीकडे गेली. 1892 मध्ये न्यूझीलंडचे गव्हर्नर लॉर्ड ऑन्स्लो यांनी हिनेमिही पन्नास पौंडांना विकत घेतली आणि इंग्लंडात सरे परगण्यातल्या आपल्या क्लँडन पार्क या वाड्याच्या बागेत नेऊन उभी केली.

या व्यवहारात दोष कुठे दाखवणार? लुटालूट नव्हती. दाम दिला होता, विकणाऱ्याने तो घेतला होता. घेणाऱ्याला त्या वस्तूची आवडही असणार. आवड, किंमत आणि संमती, तिन्ही गोष्टी जागच्या जागी. तरीही एक पूर्वज स्त्री आपल्या लेकरांपासून हजारो मैल दूर, परक्या हिरवळीवर बागेची शोभा होऊन उभी राहिली. 2019 मध्ये तिची कोरीव कामे मायदेशी परत करायचे तत्त्वतः ठरले, तेही नव्या कोरीव कामांच्या बदल्यात. सव्वाशे वर्षांनंतर दोन्हीकडच्यांना वाटले, की पन्नास पौंडांत तो हिशेब मिटला नव्हता.

गिऱ्हाईक आणि पाहुणा यांच्यात मला दिसणारा फरक हाच. गिऱ्हाइकाचा हिशेब पैसे मोजले की मिटतो. पाहुण्याचा मिटत नाही. आपल्याकडे दिवाळीत फराळाला आलेला माणूस चकलीची तारीफ करतो, म्हणून त्याला माजघरातली कपाटे उघडायची मुभा मिळत नाही. आणि फराळ खाऊन गेला, की त्याच्या घरीही एकदा आमचे ताट मांडले जायचे असते. तिकीट काढण्यात पाप नाही. तिकिटाने खेळ पाहायला मिळतो, खुर्ची मिळते. घरात किती आत यायचे, हे मात्र घरचा माणूस ठरवतो. म्हणून तसबीर काढण्याआधी विचारावे, आणि ‘नको’ म्हटले तर रागावू नये. ‘नको’ म्हणता येते आहे, तोवर ते घर त्याचे आहे.

“मग मी तिथं नेऊ काय?” त्याने विचारले. आता त्याचा आवाज बदलला होता.

“आधी स्वतःची ओळख ने,” मी म्हणालो. माओरी माणूस औपचारिक ओळख सांगताना आपले नाव शेवटी सांगतो. आधी आपला डोंगर, मग आपली नदी, पूर्वज ज्या नावेतून आले ती नाव, मग आपले कुळ. ‘तू कोण?’ हे ते विचारतात, ‘को वाइ कोए?’ त्यातल्या ‘वाइ’चा अर्थ ‘कोण’, आणि त्याच उच्चाराच्या दुसऱ्या शब्दाचा अर्थ ‘पाणी’. आमचे गाव कृष्णाकाठची वाई! योगायोगच, पण आम्ही दोघेही हसलो.

“सांग बघू, तुझा डोंगर कोणता?”

“पांडवगड,” तो चटकन म्हणाला.

“आणि नदी?”

“कृष्णा.”

“शेवटचा घाटावर कधी गेला होतास?”

तो गप्प झाला. पेढ्यांचा पुडा मधेच पडून होता. निघताना तो बसथांब्याच्या उलट दिशेने वळला. मी दारातून पाहत होतो. ती वाट घाटाकडे जाते.